मोटारीच्या दाराची आतली मूठ

आमच्या घरात माणसं चार होती आणि डबे चाळीस. तात्या, म्हणजे माझे वडील, लढाईवरून परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक खाकी कोट आणि पोतंभर रिकामे पत्र्याचे डबे आले. बिस्किटांचे, तंबाखूचे, दुधाच्या पावडरीचे. त्यांत स्क्रू, नट, वायसर, तुटक्या कमानी असं वेगवेगळं भरलेलं असायचं. कराडच्या अलीकडे सडकेला लागून तात्यांची पत्र्याची शेड होती आणि तिच्या पाठीला पाठ लावून आमच्या दोन खोल्या. शेडमधली जागा संपली तसे डबे घरात शिरले आणि शेवटी चुलीवरच्या फळीवर चढले. आत्ती, तात्यांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन आमच्यातच राहायची. तिला कमी दिसायचं. एकदा तिने मोहरी समजून बारीक वायसर तेलात सोडले आणि फोडणी तडतडायची वाट बघत बसली. आईने पातेल्यात डोकावलं आणि हसू दाबत म्हणाली, "वन्सं, आज आमटी चावून खायाला लागणार." आत्ती चिडली. "मला काय बोलतीस? तुझ्या नवऱ्यानं घराचाच डबा केलाय, त्याला बोल की."

त्या घराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पहाटे आईचं जातं, मग सडकेवरच्या उसाच्या गाड्या, आणि दिवस वर आला की नदीकडच्या मळ्यांतून पाण्याच्या इंजिनांची फुकफुक. तात्या भाकरी खाता खाता घास हातात धरून ऐकायचे आणि म्हणायचे, "वरल्या मळ्याचं इंजान खोकतंय. दोन दिसांत येतंय बघ आपल्याकडं." आणि यायचंच. गुऱ्हाळाच्या दिवसांत काम घेऊन येणारी माणसं तांब्याभर काकवी आणायची. जोंधळ्याची भाकरी, वर काकवी आणि बाजूला खर्डा, असं आम्ही खायचो. गोड आणि तिखट एका घासात नको म्हणून आत्ती ओरडायची आणि स्वतः तेच खायची.

तात्या तो खाकी कोट वैशाखातसुद्धा काढत नसत. उजवा हात कायम खिशात. लोकांना वाटायचं, मिलिटरीत राहून मिस्त्रीला साहेबी सवय लागली. खरं काय ते आम्हा तिघींनाच ठाऊक होतं. त्या हाताची तीन बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती आणि उरलेल्या दोन बोटांना थंड-गरम कळत नव्हतं. परमुलखात एका जळत्या लॉरीचं दार उघडताना ते झालं, एवढंच त्यांनी सांगितलं. लॉरीत कोण होतं, दार उघडलं का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग शेडमधलं काम कोण करत होतं? मी. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली होती. माणसांसमोर माझं तोंड उघडत नसे. कुणी नाव विचारलं तरी मी पदराआड किंवा दाराआड व्हायची, म्हणून आई मला "गोगलगाय" म्हणायची. पण लोखंडासमोर मला लाज वाटत नव्हती. तात्या उलट्या खोक्यावर बसून सांगायचे आणि मी करायची. "पाना धर. अर्धा पेच डावीकडं. थांब. आता काय लागतंय बोटाला?" मी सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे. शेडला पुढून गोणपाट लावलेलं असे. गिऱ्हाईक आलं की मी आत पळायची आणि तात्या डाव्या हातात पाना घेऊन उभे राहायचे. हे बाहेर कळलं असतं तर शेड त्या दिवशीच संपली असती. हात गेलेल्या मिस्त्रीकडे कोण येणार, आणि चौदा वर्षांच्या पोरीच्या हाताखाली आपलं इंजिन कोण देणार? मग तात्यांना गावी धाकट्या भावाच्या भात्यापाशी जाऊन बसावं लागलं असतं. लोहाराचं पोर ऐरण सोडून मोटारीमागं लागलं, म्हणून हाच भाऊ त्यांना चार माणसांत हसला होता. ही भीती आमच्या घरात रोज जेवायला बसायची, पण तिचं नाव कुणी काढत नव्हतं.

नदीकाठच्या एका गावचे पाटील होते. ऊस, गुऱ्हाळं, दोन इंजिनं, मोठा बारदाना. त्यांना सगळे आबासाहेब म्हणत. त्यांच्याकडे एक जुनी बंद मोटार होती. कुठल्या तरी संस्थानिकाने काढून टाकलेली ती त्यांच्या वडिलांनी घेतली होती. काळी, उंच, पुढे ड्रायव्हर आणि मागे बायकांची बसायची जागा, मधे काच आणि काचेला पडदा. मागचं उजवं दार स्क्रू मारून कायमचं बंद केलेलं, कारण रहदारीच्या बाजूला बायकांनी उतरायचं नाही. लढाईत पेट्रोल चिठ्ठीवर झालं तशी ती मोटार त्यांच्या मागच्या अंगणातल्या पत्र्याखाली उभी राहिली आणि चार-पाच वर्षं हलली नाही.

एका सकाळी आबासाहेब स्वतः छकड्यातून आमच्या शेडवर आले. मी गोणपाटाच्या आत होते, म्हणून बोलणं सगळं ऐकलं.

"मिस्त्री, मोटार बाहीर काढायची हाय. सूनबाईला सांगलीला म्हायेरी धाडायचीय, सातवा लागलाय. इंजान ड्रायवरनं चालू केलं. पर दारं उघडत न्हाईत. मागलं दार उघडाया दोन गडी लागत्यात. एक मूठ दाबाया आन् एक लाथ घालाया."

"बघतो की, आबासाहेब."

"आनि दुसरं. मागल्या दाराची आतली मूठ काढून टाक."

तात्यांनी पाना खाली ठेवला. "का जी?"

"का म्हंजी? लढाईच्या आदी आमची धाकटी भन भर बाजारात आपल्या हातानं दार उघडून खाली उतरली. बांगड्या बघाया! सगळ्या पेठंनं बघितलं. लग्न मोडता मोडता ऱ्हायलं तिचं. दार ड्रायवरनं उघडायचं, मानसं बाजूला झाली म्हंजी. आतल्या मुठीचं कामच काय?"

छकडा गेल्यावर तात्या खोक्यावर बसले. मग कुणाकडे न बघता म्हणाले, "मिलिटरीत आदी आतली मूठ तपासायची, मग भाइरची."

"मग न्हाई म्हनायचं हुतं," आत्ती आतून म्हणाली.

"न्हाई म्हनलं की मोटार दुसरीकडं जाती. मोटार गेली की त्यांची दोन इंजनं जात्यात. त्यांचं बघून बाकीची."

आत्ती गप्प झाली. असं क्वचितच व्हायचं.

मधेच एक लिहून ठेवते. मागच्या दिवाळीत नातू मला त्याच्या नव्या गाडीतून देवाला घेऊन गेला. देऊळ आलं, मी मागच्या दाराची कडी ओढली, दार उघडेना. मी पुन्हा पुन्हा ओढत राहिले. मला घाम फुटला. नातू हसत बाहेरून आला आणि म्हणाला, "आजी, लहान मुलांसाठी तशी सोय असते. आतून उघडत नाही."  घरी आल्यावर मी ही वही काढली.

आम्ही तीन दिवस पाटलांकडे जात होतो. पोरगी अवजारं हातात द्यायला आहे, असं तात्यांनी सांगितलं होतं. अंगण बायकांच्या वावराचं, त्यामुळे गडीमाणसं तिकडे फिरकत नसत. ते आमच्या पथ्यावर पडलं. बरोबर बाटलीभर रॉकेल नेलं होतं. रॉकेल तेव्हा मिळत नसे, घरातल्या दिव्याचं ते होतं. आत्तीने बाटली देताना सुनावलंच, "घरात अंधार आन् पाटलाच्या मोटारीला अंघूळ!"

दाराच्या आतल्या अंगाला कातडं लावलेला पुठ्ठा असतो. तो काढला की दार पोकळ दिसतं आणि आत खटक्याची पेटी असते. मुठीला चौकोनी दांडा, दांडा फिरला की पेटीतली जीभ मागे सरते आणि दार सुटतं. बाहेरच्या मुठीचा दांडा वेगळा, आतल्या मुठीचा वेगळा, पण जीभ एकच. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. तात्या पायरीवर बसून हळू आवाजात विचारत होते.

"जिभंच्या मागं काय लागतंय?"

"घट्ट हाय. वाळल्या डिंकागत. लाल हाय, तात्या."

"गंज आसंल."

"गंज न्हाई. वास येतोय. देव्हाऱ्यागत."

मी बोटाने खरवडून काढलं. कुंकू होतं, तेलातलं. मोटार चालत नसली तरी दर दसऱ्याला तिची पूजा होत होती. आईसाहेब, म्हणजे आबासाहेबांची आई, हळदीकुंकू तेलात कालवून प्रत्येक मुठीच्या मुळाशी पाच बोटं ओढायच्या. ते तेल मुठीवरून आत उतरायचं, त्यावर धूळ बसायची, पुढच्या वर्षी पुन्हा नवं. वर्षावर वर्ष साचून खटका विटेसारखा झाला होता. मी ते रॉकेलने भिजवून, काडीने टोकरून काढत होते आणि एका पळसाच्या पानावर ठेवत होते. कुंकू आहे, ते जमिनीवर कसं टाकायचं? संध्याकाळी ते पान मी नदीत सोडलं. तात्या हसले, पण तोवर थांबून राहिले.

पाटलांची सून मागच्या दाराच्या उंबऱ्यावर गोधडी शिवत बसायची. सगळ्या तिला वैनीसाहेब म्हणत. एकोणीस-वीस वर्षांची असेल. सांगलीची, त्यामुळे बोलणं थोडं वेगळं. दुसऱ्या दिवशी तात्या पाणी प्यायला विहिरीकडे गेले तेव्हा तिने गुळाचा चहा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तूच करतीस ना सगळं? मी कालपासनं बघतीय. तुझे वडील नुसते बोलतात."

माझ्या हातातली कानस खाली पडली.  मी फक्त मान हलवत राहिले, हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळत नव्हतं.

"अगं, घाबरू नको. मी कुणाला सांगणार? मला विचारतंय कोण?" तिने दोरा दाताने तोडला. "ही आतली मूठ काढायची म्हणे."

"व्हय."

"काढ बाई. मी कुठं जाणार उतरून?" ती हसली आणि पोटावर हात ठेवून जरा सावरून बसली. "नुसतं आपलं मनात येतं. रस्त्यात कळा आल्या, आणि ड्रायव्हर पाणी आणायला लांब गेलेला असला, तर?"

 परत जाताना मी ते तात्यांना सांगितलं, तिला आपलं सगळं कळलंय हे मात्र सांगितलं नाही.  तात्या म्हणाले, "मूठ काढ. दांडा ऱ्हाऊ दे. वरनं पितळंची टोपी बसव, दिसणार न्हाई." हुकूम तर पाळला, पण पुरता पाळला नाही, असं ते होतं. गरिबाला एवढंच जमतं.

आता माझी चूक. बाहेरची मूठ दांड्यावर एका बारीक खिळीने अडकवलेली असते. जुन्या खिळी गंजून गेल्या होत्या. पुढच्या दोन दारांना मी दाभणाचे तुकडे कापून घातले, दाभणाचं पोलाद कडक असतं. मागच्या दाराला दाभण पुरलं नाही. दुसरं आत्तीच्या पिशवीत घरी होतं. तात्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, उद्या घालू. पण तिसरा दिवस मावळत आला होता, आणि मला ते अंगण, ती वैनीसाहेब, ती भीती, सगळं संपवायचं होतं. डब्यात सायकलच्या चाकाची तार होती. मी ती कापून घातली. बसली बरोबर. मी पुठ्ठा लावून टाकला.

चौथ्या दिवशी सकाळी मोटार अंगणातून पुढच्या दारी आणली. आबासाहेब, ड्रायव्हर, चार-सहा गडी, शेजारपाजारचे म्हातारे, असा घोळका जमला. वैनीसाहेब आणि बाकीच्या बायका दाराआड. मी तात्यांच्या मागे, डबा छातीशी धरून. आईसाहेब म्हणाल्या, "पोटुशीला कशाला चढवता-उतरवता? मी बसून बघते आदी." त्या अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. दोघींनी हात धरून त्यांना मागे बसवलं. ड्रायव्हरने दार लावलं. टक् असा एवढासा आवाज झाला. म्हातारे वाहवा म्हणाले. आबासाहेबांनी एका बोटाने मूठ दाबून दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "बघा! लोण्यागत!" आणि तिसऱ्यांदा लावलं, मूठ दाबली, तर मूठ सैल पडून खाली लोंबायला लागली. दार जागचं हललं नाही.

"काय झालं रं?" आईसाहेब आतून.

ड्रायव्हरने मूठ फिरवली. ती गिरगिर फिरली. पलीकडचं दार स्क्रूने बंद. मधली काच घट्ट. खिडकीची काच वीतभर खाली येऊन अडकलेली. ऊन चढत होतं आणि काळा पत्रा तापत होता.

"आरं, कोंबडीगत डालली की मला!"

"लाथ घाल," कुणी तरी म्हणालं.

"लाथ घालशीला तर बघा! दाराला गुडघा लागलाय माझा!"

"पहार आना."

आबासाहेब तांबडेलाल झाले होते. ते तात्यांकडे वळले. "मिस्त्री! बघतोस काय हुबा ऱ्हाऊन? हात घाल की!"

तात्या पुढे झाले आणि डाव्या हाताने मूठ धरली. एका हाताने काय होणार होतं?

"दोनी हात लाव! का सायेब झालायस? माझी म्हातारी आत शिजतीय आन् तू खिशात हात घालून दार उघडतोस?"

मला तात्यांची मान दिसत होती. कॉलरच्या वर घामाचा ओघळ आला होता. खिशातला हात खिशातच होता. माझ्या मनात काय आलं ते आज नीट सांगता येत नाही. तात्यांवर आळ येतोय एवढंच कळलं, आणि चूक माझी होती.

"तात्यांचं न्हाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मी केलंय. समदी दारं मीच केल्यात. तार कच्ची घातली, ती तुटली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काढून ठेवलेली आतली मूठ डब्यातून घेतली आणि खिडकीपाशी गेले. वीतभर फटीतून मूठ आत दिली.

"आईसाहेब, दारावर पितळंची टोपी हाय. ती उपटा. आत चौकोनी दांडा हाय. त्यावर ही बसवा."

"मला कुठलं यायला, बाई? मी जल्मात दार उघडलं न्हाई मोटारीचं."

"येतंय. टोपी नखानं निघतीय."

आतून खुडबुड ऐकू आली. "निघाली. हं, बसली. आता?"

"खाली दाबा."

टक् झालं आणि दार उघडलं. आईसाहेब बसल्या जागी उघड्या दाराकडे बघत राहिल्या. पदर सरकला होता, कपाळावरून घाम ओघळत होता. कुणीतरी हात द्यायला पुढे झालं तर त्यांनी त्याला थांबवलं, दार स्वतःच ओढून लावलं आणि पुन्हा उघडलं. मग आणखी एकदा. मगच उतरल्या.

आबासाहेबांचा राग आता तात्यांवर. "म्हंजी पोरीकडनं काम करून घेतलंस? माझ्या मोटारीचं? मग तू काय करत हुतास?"

तेव्हा तात्यांनी हात बाहेर काढला. सगळ्यांना दिसेल असा धरला. घोळक्यातल्या एका म्हाताऱ्याने तोंड फिरवलं.

आईसाहेबांनी तो हात बघितला आणि मग मला जवळ बोलावलं. "आदी काय बिघडलं हुतं गं दाराला?"

मी खाली मान घालून म्हणाले, "कुंकू. तेलातलं. दर दसऱ्याचं आत साचलं हुतं."

दाराआडून कुणीतरी खुदकन हसलं. ती वैनीसाहेबच असणार.

"म्हंजी दार मीच लावून घेतलं हुतं म्हन की," आईसाहेब म्हणाल्या. मग आबासाहेबांना म्हणाल्या, "ही मूठ काढायची न्हाई. आत्ता मला ऊन लागलं. वाटंत त्या पोरीला काय झालं तर कुनाला हाका मारंल ती?"

"पर आई, पोरीनं केलेली मोटार म्हणून लोक हसतील..."

"हसू देत. पोरीच बसायच्या हायती न्हवं तिच्यात?"

त्या दुपारी मी आत्तीचं दाभण आणून सगळ्यांसमोर खीळ घातली. वैनीसाहेब दोन दिवसांनी सांगलीला गेल्या. वाटेत काहीच झालं नाही, ती मूठ कुणाला लागलीसुद्धा नाही. पुढे त्यांना मुलगी झाली असं कळलं.

पण बातमी त्याच दिवशी सडकेला लागली. बरीच गिऱ्हाइकं तुटली. आबासाहेबांनी मोटार पुन्हा आमच्याकडे पाठवली नाही, त्यांची इंजिनं मात्र येत राहिली, का ते मी विचारलं नाही. शेड आणखी दोन वर्षं चालली, माझं लग्न होईपर्यंत. मग तिथे हात उरला नाही. तात्या गावी धाकट्या भावाकडे गेले. भात्यापाशी बसले. त्यांच्या तोंडून त्याची तक्रार मी कधी ऐकली नाही, म्हणून ती नव्हती असं मी मानत नाही. मी सासरी सांगलीला आले आणि पाना पुन्हा हातात घेतला नाही. घरातल्या दाराची कडी अडली तरी सुताराला बोलवायचे, मी चहा करून द्यायची. सुतार चुकत असला तरी. कुणी विचारलं नाही आणि मी गोगलगायच. त्या दिवशी बोलले नसते तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. लपून आणखी चार-पाच वर्षं निघाली असती कदाचित. पण तात्यांचा हात खिशातच राहिला असता.

पाटलांकडून परत येताना त्या दिवशी गाडी जुंपायला कुणी सांगितलं नाही, आम्ही चालत निघालो. अवजारांची पेटी मधे धरलेली, एका बाजूला त्यांचा डावा हात, दुसऱ्या बाजूला माझा उजवा.  मी बोलणी खायची वाट बघत होते, मनात एकेक उत्तर रचत होते आणि मोडत होते. ओढा आला तशी त्यांनी पेटी खाली ठेवली आणि दरडीवर बसले. कोट काढून शेजारी ठेवला. दिवसाउजेडी, उघड्या रस्त्यावर, मी त्यांना कोटाशिवाय प्रथमच बघत होते.

"तार कशाची हुती?"

"सायकलची."

"मला का न्हाई इचारलंस?"

"तुमी उद्यावर टाकलं असतं."

 मी तयार होते. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "मग पहिल्या दोन टायमाला उघडलं कसं?"

मी दोन चपटे दगड घेतले, मधे बाभळीचा काटा घातला आणि दाखवायला लागले. पहिल्यांदा दाबलं की तार नुसती वाकते, दुसऱ्यांदा आणखी वाकते, आणि तिसऱ्यांदा कापली जाते.

"म्हंजी मूठ सोडताना तुटली," तात्या म्हणाले.

"न्हाई तात्या. दाबतानाच."

 तात्या भुवया आक्रसून त्या दगडांकडे बघत राहिले.

"दाखीव परत," ते म्हणाले, आणि नीट दिसावं म्हणून माझ्याकडे सरकून बसले.